महापुरात भिजलेले कर्णे: जुन्या ला स्काला स्पीकरच्या दुरुस्तीचं एक प्रकरण

माझं काम अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर दुरुस्तीचं, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत. खाली लिहिलेली हकीकत एका घरातल्या जुन्या हॉर्न स्पीकरची आहे. घरच्यांची परवानगी घेतली आहे, नावं गाळली आहेत. मालकांना मी इथे आण्णा म्हणतो, प्रत्यक्षातही तसंच म्हणतो.

पार्श्वभूमी

आण्णांचं वय चौऱ्याहत्तर. साखर कारखान्याच्या यांत्रिकी विभागात नोकरी झाली आणि कान तयार झाला तो देवल क्लब या इथल्या संगीतसंस्थेच्या बैठकांत. त्यांचे थोरले बंधू अमेरिकेत डॉक्टर होते. १९८० च्या दशकात ते कायमचे परत आले, तेव्हा बोटीने आलेल्या घरसामानात क्लिप्शचे दोन ला स्काला स्पीकर होते. बंधू वारल्यावर ते आण्णांच्या नागाळा पार्कातल्या घरी आले आणि दिवाणखान्यात समोरासमोर न ठेवता एका भिंतीला शेजारीशेजारी उभे राहिले.

ज्यांनी हे स्पीकर पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या होप या गावी कारखाना काढला. ला स्काला आला १९६३ मध्ये, आणि त्याचा पहिला उपयोग झाला तो तिथल्या गव्हर्नरपदाच्या उमेदवाराच्या प्रचारसभांसाठी. म्हणजे जन्माने तो सभेचा कर्णाच, घरात नंतर शिरला. पेटी सुमारे तीन फूट उंच, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. वजन पन्नास किलोच्या पुढे. खाली १५ इंची वूफर आहे, पण समोरून तो दिसत नाही. त्याचा आवाज लाकडाच्या घडी घातलेल्या कर्ण्यातून वळून पुढे दोन बाजूंनी बाहेर पडतो. वरच्या कप्प्यात मधल्या स्वरांचा लांब धातूचा कर्णा आणि शेजारी छोटा ट्विटर. ४०० हर्ट्झच्या खालचं वूफरकडे, ६,००० च्या वरचं ट्विटरकडे, उरलेलं मधल्या कर्ण्याकडे.

माणसाचा गळा, सारंगी, हार्मोनियम यांचा मोठा भाग या मधल्या कर्ण्यातून येतो. एका वॅटला एक मीटरवर १०४ डेसिबल ही या स्पीकरची छापील क्षमता आहे. साधे घरगुती स्पीकर ८६-८८ च्या घरात असतात. एवढी क्षमता असली की पडद्याला फार हलावं लागत नाही, आणि पडदा कमी हलला की एका स्वराचा मळ दुसऱ्या स्वरात कमी मिसळतो. क्लिप्श यांचा आयुष्यभराचा आग्रह हाच होता. गायक मल्लिकार्जुन मन्सूरांच्या आ-कारातला श्वास या स्पीकरवर जसा ऐकू येतो तसा मला दुसऱ्या कशावर ऐकू आलेला नाही, म्हणून या कामात जीव गुंतला.

तक्रार

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आण्णांच्या घरात पाणी शिरलं. शेजारच्या चार पोरांनी स्पीकर उचलून दिवाणावर चढवले, पण डाव्या स्पीकरचा तळ त्याआधी काही तास पाण्यात होता. नंतर ऊन दाखवलं, पुसलं, पुन्हा जागेवर ठेवलं. वाजत होते, म्हणून कुणी फार लक्ष दिलं नाही.

आण्णांनी मला बोलावलं त्याला मधे काही वर्षं गेली होती. तक्रारी तीन. डावीकडचा डग्गा पोकळ. उजवीकडे झांजेची चमकच नाही. आणि एकूण आवाजावर "कुणीतरी ओलं फडकं टाकल्यासारखं." चौथी मागणी नातवाची होती: "आजोबा, बास वाढवूया की, डॉल्बीसारखा." गणेशोत्सवाच्या मिरवणुकीतल्या भिंती ऐकून वाढलेल्या पोराची ही इच्छा मला समजू शकते. ती मी यादीत लिहून घेतली.

तपासणी

आधी काहीही उघडायचं नाही असं ठरवलं होतं. मोजायचा माइक लॅपटॉपला जोडला आणि दोन्ही स्पीकर एकेक करून खालपासून वरपर्यंत वाजवून आलेख काढले. उजव्याचा ट्विटर बंद होता. मल्टिमीटर लावला तर कॉइल तुटलेली. डावा स्पीकर १०० हर्ट्झच्या खाली उजव्यापेक्षा स्पष्टपणे पडत होता.

वूफर खराब असेल हा पहिला तर्क. या वूफरची कड फोमची नसून चुणीदार कापडाची असते, त्यामुळे ती कुजून गळत नाही. पडदा हाताने दाबून पाहिला, कुठे घासत नव्हता. मग पेटी गळते का ते पाहायचं ठरलं. वूफरच्या मागची हवेची पेटी बंदिस्त असावी लागते. तिचं आकारमान कर्ण्याच्या गळ्याशी जुळवलेलं असतं, म्हणजे कर्ण्यातल्या हवेचा भार आणि मागच्या हवेची लवचीकता एकमेकांना तोलतात. तिथे फट पडली की तोल गेला.

वहिनींकडून देवघरातली एक अगरबत्ती मागून घेतली. ४० हर्ट्झचा मंद स्वर लावला, पंखे बंद केले आणि अगरबत्ती तळाच्या कडेकडेने फिरवली. धुराची रेघ तीन बाजूंना सरळ चढत होती. मागच्या डाव्या कोपऱ्याशी आली आणि आत ओढली जाऊन परत ढकलली जायला लागली, थरथरत. आण्णा गुडघ्यावर बसून बघत होते. म्हणाले, "थांब, परत दाखव." तीनदा दाखवलं. तळाची फळी काढली तेव्हा त्या कोपऱ्यात प्लायचे थर वहीच्या पानांसारखे सुटलेले होते, बाहेरून रंगाने झाकलेले.

मग क्रॉसओव्हर, म्हणजे स्वर या तिघांत वाटून देणारी मंडळं, काढले. यांत पत्र्याच्या डब्यांतले तेलाचे कॅपॅसिटर आहेत: मधल्या कर्ण्यासाठी १३ मायक्रोफॅरडचा एक, ट्विटरसाठी २ मायक्रोफॅरडचे दोन. मीटरवर त्यांची किंमत फारशी चुकत नव्हती, पण आतला रोध वाढला होता, आणि दोन बाजूंचा सारखा नव्हता. ओल्या फडक्याचं कारण बऱ्याच अंशी हेच. अशा जुन्या डब्यांबद्दल एक सावधगिरी सांगतो. १९७९ मध्ये अमेरिकेने ज्या पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल) या विषारी रसायनांच्या उत्पादनावर बंदी घातली, ती त्याआधीच्या तेलाच्या कॅपॅसिटरमध्ये असू शकतात. डबा फोडायचा नाही, गळत असेल तर उघड्या हाताने धरायचा नाही, भंगारवाल्याला द्यायचा नाही.

समोर असलेले पर्याय

आण्णांच्या भाच्याने इंटरनेटवर वाचून एक यादी आणली होती: नवा वूफर, नवे ट्विटर, संपूर्ण नवा क्रॉसओव्हर, मधला धातूचा कर्णा काढून लाकडी कर्णा, पेटीच्या बाजूंना दुसरा प्लाय चिकटवणं, आणि बाससाठी मागे भोक पाडून नळी. हौशी मंडळी जगभर यातलं बरंच काही करतात आणि काही गोष्टींना आधारही आहे. बाजूच्या फळ्या कर्ण्याच्या तोंडाशी मोकळ्या असल्याने थरथरतात हे खरं आहे. पुढच्या आवृत्तीत कंपनीनेच फळ्या जाड केल्या. धातूचा कर्णा बोटाने टकटक केला तर वाजतो, हेही खरं.

माझं मत वेगळं होतं. स्पीकर जन्माला आला तेव्हा कसा होता हेच आपण अजून ऐकलेलं नाही. भिजलेली पेटी, दमलेले कॅपॅसिटर आणि मेलेला ट्विटर ऐकून सुधारणा ठरवायच्या कशा? म्हणून दोन टप्पे ठरवले. पहिल्यात फक्त पूर्ववत करायचं. दुसऱ्यात, महिनाभर ऐकून, सुधारणा. आणि परत काढता येणार नाही असं काहीही करायचं नाही. भोक पाडणं त्याच दिवशी यादीतून काढलं. बंद पेटीच्या तोलाबद्दल वर लिहिलं आहे, भोक म्हणजे आपल्याच हाताने केलेली दुसरी फट.

ट्विटरबाबत खरा पेच होता. बाजारात आपल्याकडे बनणारे कंप्रेशन ट्विटर चांगले मिळतात, सभेच्या कामाला टिकाऊही असतात. दोन्ही बाजूंना ते बसवले असते तर आठवड्यात काम झालं असतं. पण त्यांची क्षमता, क्रॉसओव्हरशी जुळणारा रोध, पट्टीतलं भोक, सगळंच बदललं असतं. दुसरा पर्याय म्हणजे मूळ ट्विटरसाठी फक्त डायफ्रॅमची, म्हणजे आतल्या पातळ पडद्यांची, जोडी मागवणं. आण्णांची मुलगी अमेरिकेतून दिवाळीला येणार होती. चार महिने एका ट्विटरवर काढायचे की नाही, हा निर्णय आण्णांवर सोडला. ते म्हणाले, "चाळीस वर्षं थांबलेत ते, चार महिने काय." जोडीच मागवली, कारण एकाच बाजूचा नवा डायफ्रॅम आणि दुसरीकडचा जुना, यांचा आवाज क्वचितच जुळतो.

प्रत्यक्ष काम

तळाची फळी १९ मिलिमीटर मरीन प्लायची नवी केली. कोपऱ्यातला सुटलेला थर सुताराने तासून नवा तुकडा बसवला, कडेला बंद पेशींच्या फोमची पट्टी लावली आणि स्क्रू आलटून-पालटून, गाडीचं चाक आवळतात तसे, आवळले. अगरबत्ती पुन्हा फिरवली. रेघ चारही बाजूंना सरळ. आलेखात डावा-उजवा जवळजवळ एकावर एक बसले. आण्णांची निम्मी तक्रार एवढ्या सुतारकामाने संपली.

कॅपॅसिटरसाठी परदेशी महागडे सुटे भाग मागवले नाहीत. पाण्याच्या मोटारीला लागणारे पॉलिप्रॉपिलीनचे रनिंग कॅपॅसिटर शिवाजी उद्यमनगरात मिळतात. ते ४४० व्होल्ट एसीचे असतात आणि आतला रोध अगदी कमी. १२.५ मायक्रोफॅरड असं छापलेले पण पाच टक्के इकडेतिकडे असणारे. दुकानदाराच्या परवानगीने मीटर नेऊन खोक्यातले एकेक मोजले आणि १३ च्या अगदी जवळ भरणारे दोन निवडले. २ मायक्रोफॅरडसाठी १-१ चे फिल्म कॅपॅसिटर समांतर जोडले. ट्विटरला जास्त व्होल्टेजपासून वाचवणारे झेनर डायोड मूळ क्रॉसओव्हरमध्ये आहेत. शुद्धतावादी ते काढतात, मी ठेवले. डायफ्रॅम सात समुद्रापलीकडून येणार आणि घरात बासची आवड असलेला नातू आहे, हे दोन्ही माहीत असताना संरक्षण काढणं मला पटेना.

डायफ्रॅम दिवाळीत आले. चुंबकाच्या खाचेतली जुनी धूळ चिकटपट्टीच्या दुमडलेल्या टोकाने काढली, डायफ्रॅम बसवला, आणि कमी आवाजात स्वर सरकवत सरकवत स्क्रू आवळले. जरा घासला तरी खरखर लगेच कळते.

चुकलेला टप्पा

इथे माझी चूक झाली आणि ती नीट सांगायला हवी.

सगळं बसवल्यावर फडकं निघालं, पण आवाज टोचायला लागला. तार षड्जावर कान मागे घ्यावासा वाटे. मधल्या कर्ण्याची पातळी कमी-जास्त करायला क्रॉसओव्हरमध्ये एक ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, त्याला तीन-तीन डेसिबलच्या पायऱ्यांचे टॅप. मूळ जोडणी चौथ्या टॅपवर होती, म्हणजे उणे तीन. मी ती तिसऱ्यावर, उणे सहावर नेली. पाच मिनिटांचं काम. आवाज मऊ झाला, आण्णा खूश, मीही समाधानाने घरी आलो.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "अरे, हे काय बरोबर वाटंना बघ. मन्सूर माठात बसून गायल्यासारखं येतंय." मल्लिकार्जुन मन्सूर अल्लादिया खाँसाहेबांच्या दोन चिरंजीवांकडे, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे शिकलेले. खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारातले, त्यामुळे आण्णांसाठी हा घरचा गळा. त्यांचं ऐकणं चुकीचं असेल असं मला एक क्षणही वाटलं नाही. माइक घेऊन गेलो. आलेखात २०० ते ४०० हर्ट्झच्या मधे उंचवटा आलेला.

कारण कागदावर दोन ओळींत सापडलं. मधल्या कर्ण्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याच्या मागचा आवाज काढणारा भाग, १६ ओहमचा. चौथ्या टॅपवर ऑटोट्रान्सफॉर्मर तो कॅपॅसिटरला दुप्पट, ३२ ओहम, करून दाखवतो. १३ मायक्रोफॅरड आणि ३२ ओहम मिळून छेद, म्हणजे वूफरचं काम संपून कर्ण्याचं सुरू होण्याची जागा, येतो सुमारे ३८० हर्ट्झला, म्हणजे मूळ ४०० च्या जवळ. तिसऱ्या टॅपवर तोच ड्रायव्हर ६४ ओहम दिसतो आणि छेद घसरतो १९० च्या आसपास. म्हणजे मी पातळी कमी केली असं समजत होतो, प्रत्यक्षात वूफरचं काम अर्धं कर्ण्यावर लादलं होतं. दोघं मिळून एकच स्वर गात होते, आणि एवढ्या खाली तो कर्णा ड्रायव्हरला नीट भारही देत नाही.

उपाय तीन होते. कॅपॅसिटर निम्मा, साडेसहा मायक्रोफॅरडचा करणं. ऑटोट्रान्सफॉर्मरच्या आधी ६४ ओहमचा रोध समांतर लावून एकूण भार पुन्हा ३२ वर आणणं. किंवा चौथ्या टॅपवर परत जाऊन टोचण्याचं कारण दुसरीकडे शोधणं. पहिले दोन हिशेबाने बरोबर होते. मी तिसरा निवडला, कारण एक प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता: ही टोचणी स्पीकरची आहे की खोलीची?

दिवाणखान्यात शहाबादी फरशी, एका बाजूला काचेच्या मोठ्या खिडक्या, पडदे धुवायला काढलेले. हाताने टाळी वाजवली तर मागून किणकिण येत होती. जुने कॅपॅसिटर वरचे स्वर गिळत होते तोवर खोलीचं हे रूप झाकलेलं होतं. स्पीकरपुढच्या फरशीवर दोन जाड घोंगड्या अंथरल्या, पडदे परत लावले, स्पीकर बैठकीच्या दिशेने थोडे आत वळवले. टोचणी बहुतेक गेली. उरलेली, धातूच्या कर्ण्याच्या पाठीला गाडीच्या दारात लावतात तशी डांबरी चादर लावल्यावर गेली. ती चादर गरम हवेने सोडवता येते, हे आधी एका पत्र्यावर करून पाहिलं.

बाजूच्या फळ्या आणि बासचा प्रश्न

१५० हर्ट्झच्या आसपासचा स्वर लावून बाजूच्या फळीवर तळहात ठेवला तर मुंग्या आल्यासारखं लागायचं. फळीला दुसरा प्लाय चिकटवला की तो कायमचा. त्याऐवजी सुताराकडून सागवानाच्या चार आडव्या काठ्या करून घेतल्या, मधल्या पेटीपासून बाजूच्या फळीपर्यंत घट्ट बसतील अशा. टोकांना नमदा, गोंद नाही, स्क्रू नाही. दाबून बसवल्या. फळीची थरथर हाताला निम्म्याहून कमी लागते. आवाजात फरक पडला का? डग्ग्याच्या मिंडेत थोडी स्वच्छता आली असं मला वाटतं, आण्णांना फरक जाणवत नाही. म्हणून ही सुधारणा मी मोठी म्हणणार नाही.

नातवाच्या बासचं उत्तर भौतिकशास्त्रात होतं. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ सात मीटर. एवढी लाट हाताळायला कर्ण्याचं तोंड किती मोठं लागेल याचा विचार करा. दोन फुटी पेटीत ते मावत नाही, म्हणून ला स्काला ५० च्या आसपास हात टेकतो. क्लिप्श यांच्याच मोठ्या क्लिप्शहॉर्नने यासाठी खोलीचा कोपरा कर्ण्याचा पुढचा भाग म्हणून वापरला. आम्हीही स्पीकर कोपऱ्यांकडे सरकवून पाहिले, थोडं भरलं. मग मित्राचा बंद पेटीचा सबवूफर आठवडाभर ठेवला. सिनेमाला मजा आली, नातू हरखला. गाण्याला तो बहुतेक वेळ गप्पच होता. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या गायकाचा षड्ज १३८ हर्ट्झला, तानपुऱ्याचा खर्ज ६९ ला. आण्णांच्या कपाटातल्या तबकड्यांत ५० च्या खाली फार काही नाहीच. सबवूफर परत गेला. नातवाला शब्द दिलाय की त्याच्या खोलीसाठी वेगळा करून देईन.

निष्पत्ती

आज दोन्ही स्पीकर ६० हर्ट्झपर्यंत एकमेकांशी जुळतात. त्याखाली डावा किंचित कमी आहे, पण तो दाराशेजारी आहे आणि जागा बदलून वाजवला की फरक उजवीकडे जातो, म्हणजे तो खोलीचा आहे. खर्चात सगळ्यात मोठा आकडा सुतारकामाचा, मग डायफ्रॅमचा. कॅपॅसिटर सगळ्यात स्वस्त. मूळ डबे, जुने डायफ्रॅम आणि मूळ जोडणीची फोटोप्रत, सगळं नाव-तारीख लिहून एका पत्र्याच्या पेटीत आण्णांच्या माळ्यावर आहे.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्याच भेटीत टाळी वाजवून खोली ऐकली असती. ट्रान्सफॉर्मरचा टॅप हलवण्याआधी हिशेब केला असता, तो दोन मिनिटांचा होता. टॅप बदलला त्या रात्री माइक पिशवीतच होता आणि मी तो काढला नाही, हे मला अजून लागतं.

सुतारकाम भर जुलैत केलं, तेही चुकलं. कोल्हापूरच्या पावसात पॉलिश आठवडाभर चिकट राहिलं, आणि हिवाळा आला तशी लाकडातली ओल गेली, फोमच्या पट्टीची पकड सैल झाली. मार्गशीर्षात अगरबत्तीची रेघ पुन्हा थोडी हलली, स्क्रू पाव-पाव आटा आवळावे लागले. असं काम दसऱ्यानंतर घ्यावं. आणि डायफ्रॅम चार महिन्यांनी येणार हे माहीत असताना कॅपॅसिटर आधी बदलून, आण्णांना चार महिने एका बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला मिट्ट असं ऐकायला लावायला नको होतं. दोन्ही एकदम बदलले असते तरी चाललं असतं, पण मग कशाने काय झालं ते कळलं नसतं. या बाबतीत माझं अजून ठरलेलं नाही.

तळाचे स्क्रू यंदा पावसाळ्यानंतर पुन्हा तपासायचे आहेत. आण्णांनी कॅलेंडरवर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाला गोल करून ठेवलाय आणि खाली लिहिलंय, "उदबत्ती."